कंपनीची टेप, मैंदर्गीचा रेडिओ आणि काकांच्या खिशातली चावी

चिपळूणला परत आलेय, बॅग अजून तशीच दारात पडलीय, तिच्यातून शेंगाचटणीचा वास येतोय, आणि मी आधी हे टाईप करायला बसलेय. कारण आत्ता नाही लिहिलं तर नंतर माझं मलाच खरं वाटणार नाही. सोलापूरला कुणी गेलं नसाल तर जा. पण गाडीतला रेडिओ जपून लावा. का ते सांगते.

सोलापूर, मावशीकडे

पहिला धक्का नळाने दिला. सकाळी पोचले, तोंडात ब्रश धरून नळ सोडला, तर नळ सुस्कारा सोडून गप्प. मावशी आतून ओरडली, "अगं पाणी आज न्हाय! पिंपातलं घे!" म्हणजे रोज येतच नाही! मोरीत पिंपं, जिन्याखाली पिंपं, गच्चीवर टाकी. आमच्याकडे चिपळूणला पावसाळ्यात पाणी न विचारता घरात शिरतं, आणि इथे लोक त्याची पाहुण्यासारखी वाट बघतात. मी ब्रश तसाच धरून उभी.

दुसरा धक्का भाकरी. ताटात मोठा गोल पापड होता. काकांनी तो दोन्ही हातांनी मोडला, कट्ट करून आवाज आला.

"एवढा मोठा पापड?" मी विचारलं.

"पापड न्हाय गं, कडक भाकरी हाय ती," मावशी म्हणाली. "दह्यात चटणी कालव आणि बुडवून खा."

मी भातवाली मुलगी. पहिल्या घासाला वाटलं दात जाणार. तिसऱ्या घासाला मी दुसरी भाकरी मागितली होती.

घरातली माणसं सांगते. मावशी म्हणजे माझ्या आईची मोठी बहीण. काका सूतगिरणीतून रिटायर झालेत, कमी बोलतात, आणि त्यांच्याकडे एक पांढरी जुनी चारचाकी आहे जिला ते माझ्या वयाच्या मुलीसारखं जपतात. आणि तनुजाताई, त्यांची मुलगी. ताई घरीच शाळेचे गणवेश शिवते. कारखान्यातून कापलेला माल गठ्ठ्याने येतो, पुढच्या खोलीत दोन मशीन आणि कापडाच्या कडा शिवायचं एक ओव्हरलॉक, दिवसभर टर्रर्र टर्रर्र. शेजारच्या दोन बायकापण तिच्याकडे कामाला येतात. मी दारात उभी राहिले की मान वर न करता विचारायची, "काय करलालीस गं मनू?" आणि तेवढ्यात एक कॉलर लावून झालेली असायची.

ताईचं लग्न ठरत होतं. मुलगा मैंदर्गीचा, म्हणजे अक्कलकोटच्या पुढे, कर्नाटकच्या अगदी जवळ. नाव मल्लिनाथ, शेतातल्या पंपांच्या जळलेल्या मोटारी वाइंडिंग करून देतो, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळून. तो येऊन ताईला बघून गेला होता, दोघांनी हो म्हटलं होतं. आता रविवारी आपली माणसं मुलाचं घर बघायला जाणार, आणि घर पसंत पडलं की तिथेच सुपारी फोडणार. म्हणजे लग्न पक्कं.

"मज्जा! ताई, तू कुठली साडी नेसणार?" मी विचारलं.

"मी कुटं चालले? मी न्हाय जात."

"म्हणजे?"

"आमच्यात घर बघायला मुलगी नेत न्हाईत," मावशी म्हणाली. अगदी सहज, जणू काही मीठ संपलंय असं.

मी हादरले. शप्पथ. आमच्याकडे माझ्या चुलत बहिणीने तर सासरच्या स्वयंपाकघरातला नळ सोडून बघितला होता! इथे जिला जन्मभर राहायचंय ती घरी बसणार, आणि मी, जी चार दिवसांची पाहुणी, मी गाडीत बसून जाणार? का, तर गाडीत जागा आहे आणि मला मैंदर्गी बघायचंय?

संध्याकाळी ताईने मला मशीनजवळ बोलावलं. आवाज अगदी हळू. "मनू, एक काम कर की. तितं माझी मशीनं कुटं बसतील तेवढं बघून ये. दार किती रुंद हाय, खोलीत प्लग हाय का. आईपप्पा विहीर बघतील, गोठा बघतील. हे कोण बघणार न्हाय."

"तूच विचार ना काकांना."

"लई दिवस झाले विचारीन म्हणते. त्यांच्यासमोर गेले की तोंडच उघडत न्हाय."

आता एवढंच डोक्यात ठेवा. बाकी सगळा गोंधळ या मशीनवरूनच झाला.

सात रस्ता

मावशीला वेगळीच काळजी. काकांना गाडी चालवताना गाणी नसली की डुलकी लागते. मागे एकदा ते वळसंगच्या पुढे गाडीसकट एका कडब्याच्या गंजीत शिरले होते. "गाणी लागलीच पायजेत, न्हायतर मी यष्टीनं येते," तिने जाहीर केलं.

ताईकडे एक छोटासा गाण्यांचा प्लेअर आहे, काडेपेटीएवढा, त्यात रेकॉर्डिंगचं बटणपण आहे. फोन वाजला की गाणं थांबतं आणि हात मशीनवर गुंतलेले असतात, म्हणून ती अजून तोच वापरते. त्यात काकांची सगळी भजनं होती. तिने तो माझ्या हातात दिला. "जोड गाडीला."

मी म्हटलं ह्यात काय. आणि गाडीत बसले तर... ब्लूटूथ नाही. यूएसबी नाही. वायर घालायला साधं भोकसुद्धा नाही! नुसती कॅसेटची खाच आणि रेडिओची दोन बटणं. मला खरंच कळेना की पूर्वीची माणसं जगली कशी.

काका आणि मी सात रस्त्याला एका गाड्यांच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने वाकून बघितलं. "काका, हे काढून टाका. नवीन टेप बसवतो, दोन वायरी कापल्या की झालं."

काकांचा चेहरा असा झाला जणू त्याने त्यांचं बोट कापायची गोष्ट काढलीय. "वायर कापायची न्हाय. कंपनी फिटिंग हाय ही. गाडीला कुणाचा हात लागलेला न्हाय अजून."

"म्हणूनच टेप बंद पडलीय की," दुकानदार पुटपुटला.

मग त्याने फडताळातून एक धुळकट कॅसेट काढली, तिच्यातून वायर बाहेर आलेली. वायर प्लेअरला लावायची, कॅसेट टेपमध्ये ढकलायची, गाणं वाजतं. ढकलली. टेपने ती गिळली, खर्रखर्र केलं आणि बाहेर थुंकली. परत ढकलली. परत थुंकली. आतला पट्टा केव्हाच वितळून गेलेला.

शेवटी त्याने एक बोटभर खुंटी आणली. ही सिगारेट लायटरच्या भोकात खोचायची, प्लेअरची वायर हिला लावायची, की ही खुंटी एक छोटं रेडिओ स्टेशनच बनते आणि गाणं गाडीच्या रेडिओतून ऐकू येतं. मी टाळ्या वाजवल्या. फक्त रेडिओ रिकाम्या स्टेशनवर न्यायचा. मी बटण फिरवलं. काटा हलेना. बटण गरागरा फिरतंय आणि काटा जागच्या जागी!

"तो सोलापूर केंद्रावरच असतो," काका म्हणाले. "दोरा तुटलाय आतला. मला दुसरं काय ऐकायचंबी नसतं."

दुकानदार हसायला लागला. "मग खुंटीपण सोलापूर केंद्राच्याच आकड्यावर लावू. जवळचा आवाज लांबच्या आवाजाला दाबतो."

आणि खरंच! बातम्या बोलणारी बाई एकदम गप्प, आणि भजन सुरू. काका स्टिअरिंगवर ताल धरायला लागले.

पण गंमत सिग्नलला झाली. शेजारी एक रिक्षा थांबली, तिच्यात रेडिओ चालू होता. तो खरखरला, आणि आमचं भजन रिक्षातून वाजायला लागलं! रिक्षावाल्या चाचांनी रेडिओवर दोन थापा मारल्या. "अरे मेरे रेडिओ कू क्या हो गया रे!" सिग्नल सुटला, आम्ही पुढे गेलो आणि त्यांचा रेडिओ बरा झाला. मी हसून हसून मेले. हसायला नको होतं. नीट लक्षात ठेवायला हवं होतं.

मैंदर्गीच्या वाटेवर

रविवारी निघालो. काका, मावशी, मागे मी, माझ्या शेजारी फळांची टोपली आणि सुपारीची पिशवी. ताई दारात उभी होती. माझ्याकडे बघून तिने हाताने दाराची रुंदी दाखवली.

अक्कलकोट रोडला लागल्यावर मी बोलायचीच थांबले, आणि मला ओळखणाऱ्यांना माहितीय हे किती अवघड आहे. एवढं आकाश! कोकणात कुठेही बघा, पुढे डोंगर असतो. इथे नजर जाते आणि परतच येत नाही. काळी जमीन, ज्वारी डोक्याएवढी, कणसं भरलेली, मधेच तुरीच्या पेंढ्या रचलेल्या. थंडीचे दिवस म्हणे, आणि काच वर केली तर भाजायला होतंय, खाली केली तर धूळ. पुढे पुढे दुकानांच्या पाट्यांवर कन्नड दिसायला लागलं, आणि चहाच्या टपरीवर दोन माणसं एक वाक्य मराठीत आणि एक कन्नडमध्ये भांडत होती. मी बघतच राहिले.

काका जागे होते. जागेच नाही, मोठमोठ्याने गात होते.

"झोपत न्हाईत, पर गातेत," मावशी कपाळाला हात लावून म्हणाली. "झोपलेलं परवडलं असतं."

मैंदर्गी

"बर्री, बर्री!" मल्लिनाथचे वडील दारात आले. म्हणजे या, या. काकांनी गाडी सावली बघून थेट कट्ट्याला लावून उभी केली, काचा वर केल्या, दार लॉक केलं, चावी खिशात टाकली. टेप बंद झाली. मला वाटलं सगळंच बंद झालं.

कट्ट्यावर मल्लिनाथचे आजोबा बसले होते. तिथे आजोबांना अज्जा म्हणतात. शेजारी खिडकीत जुना रेडिओ, त्यावर सोलापूर केंद्राचा शेतीचा कार्यक्रम. आणि अज्जा रेडिओशी बोलत होते! म्हणजे अगदी भांडत होते. रेडिओ म्हणाला, "शेतकरी बंधूंनो, पिकाला वेळेवर पाणी द्या," की अज्जा, "कुटनं देऊ? तू आण की टँकर!" घरात कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. मी आ वासून बघत होते.

घर छान होतं, खोटं का बोला. शेंगाची पोळी आली, तीवर तुपाची धार, आणि मी दोन पोळ्या खाऊन तिसरीकडे बघत होते. पण माझं काम राहिलं होतं ना! मी दोनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा मल्लिनाथचे वडील विहिरीचं सांगायला लागले. दुसऱ्यांदा काका गाय किती दूध देते ते विचारायला लागले. मल्लिनाथ चहा आणायला आत गेलेला. मावशीने पिशवीतून सुपारी काढून ताटात ठेवलीसुद्धा. ताईची मशीनं, दार, प्लग... सगळं विचारायचं राहिलेलं.

आणि तेवढ्यात अज्जांनी आवाज नीट येईना म्हणून रेडिओची एरियल आमच्या गाडीकडे वळवली, आणि रेडिओ खरखरला. आधी भजनाची एक ओळ. मग थोडी शांतता. मग टर्रर्र टर्रर्र, शिलाई मशीनचा आवाज. आणि मग तनुजाताई.

"पप्पा... न्हाय, थांब. परत. पप्पा, मला एक विचारायचंय."

माझ्या हातातली वाटी पडली. खोटं नाही, पडलीच. एका क्षणात सगळं कळलं. गाडीची चावी काढली तरी त्या जुन्या गाडीत लायटरचं भोक चालूच राहतं! खुंटी चालू, प्लेअर चालू, भजनं संपली होती आणि प्लेअर आपला आपण पुढच्या फोल्डरवर गेला होता. पुढचं फोल्डर ताईच्या रेकॉर्डिंगचं. ती काकांशी बोलायचा सराव करत होती, एकटी, मशीनसमोर. आणि सोलापूर केंद्राच्या जागी आता ती मैंदर्गीच्या खिडकीतून बोलत होती.

"तुमी घर बघायला चाललाव. विहीर बघशीला, गोठा बघशीला. पर माझी मशीनं तितं कुटं ठेवायची ते कोण बघणार?"

"काका, चावी!" मी कुजबुजले. "काका, चावी द्या, लवकर!"

काका हललेच नाहीत. रेडिओकडे बघत बसलेले. खिशावर हात, पण आत जाईना.

"दिवसा लाईट किती वेळ असती तितं?" रेडिओतल्या ताईने विचारलं.

आणि अज्जांनी उत्तर दिलं! "एक आठवडा सकाळी असती, एक आठवडा रात्री. काय नेम न्हाय बाई."

"रात्री शिवत बसले तर कुणाची झोपमोड व्हईल का?"

"माझी न्हाय. मला नीट ऐकूच येत न्हाय. शिव तू."

मावशीने पदर तोंडावर धरला. मल्लिनाथ चहाचा ट्रे घेऊन दारात आला होता, तो तिथेच.

"मुलगा चांगला हाय," रेडिओ म्हणाला. "मला आवडलाय, ते खोटं न्हाय."

ट्रे कलला. एक कप गेला.

"पर मशीनं विकून जायचं असंल तर मला न्हाय जमणार पप्पा. त्या दोन बायकांची चूल माझ्यावर हाय. आणि मला घर स्वतः बघायचंय. तुमी बघून येणार, सुपारी फोडणार, मग मी काय बघायचं? ... हे सगळं पप्पांना म्हणायला गेलं की तोंडच उघडत न्हाय माझं. जाऊ दे. डिलीट करते."

केलं नव्हतं.

मी काकांच्या दंडाला धरून हलवलं. "काका, पुढे अजून असेल, चावी द्या ना!"

"थांब," काका म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू येईना. "बोलू दे तिला. माझ्याशी बोलायलीय ती."

पुढे काही नव्हतं. भजन परत पहिल्यापासून सुरू झालं.

मल्लिनाथच्या वडिलांनी घसा खाकरला. "म्हणजे सून हितं येऊन कारखाना काढणार म्हणा की." हसत म्हणाले, पण हसू गालापर्यंतच.

मल्लिनाथच्या आई तोपर्यंत एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या उठल्या आणि फुटलेला कप गोळा करता करता म्हणाल्या, "मी ह्या घरात आले तवा चूल कुटं हाय ते मला लग्नानंतर कळलं. दोन दिवस परसात शोधत होते." मग माझ्याकडे वळून, "चल गं. खोली दाखवते."

मागची खोली. ज्वारीची पोती, एक जुना पाळणा, एक खिडकी. मी प्लग शोधला. होता, पण जळका. मागून मल्लिनाथ आला, प्लगला हात लावून हळूच म्हणाला, "हे मी बदलतो. तीन मशीनांचा लोड हाय ना? वेगळी लाईन ओढावी लागंल." कान लालबुंद झालेले.

बाहेर आलो तर काका उभे होते. त्यांनी ताटातली सुपारी उचलली आणि परत पिशवीत ठेवली.

मावशी म्हणाली, "अहो!" मल्लिनाथचे वडील म्हणाले, "का हो, घर पसंत न्हाय?"

"घर चांगलं हाय. पुढच्या रविवारी तनुजाला घेऊन येतो. ती बघू दे, मग सुपारी."

"आमच्यात मुलगी आणत न्हाईत घर बघायला."

"आमच्यात बी न्हाई आणत," काका म्हणाले.

आणि पिशवीला गाठ मारली. मल्लिनाथचे वडील बायकोकडे बघतात, बायको फुटक्या कपाकडे बघते, मल्लिनाथ जमिनीकडे. शेवटी कट्ट्यावरून अज्जा ओरडले, "आणा की तिला! अर्धं बोलून गेली ती. दार विचारायचं ऱ्हायलं तिचं."

दाराचं कुणीच बोललं नव्हतं. ताईपण नाही. अज्जांनी ते कुठून काढलं देव जाणे.

परत मैंदर्गी

घरी आल्यावर काय झालं ते थोडक्यात. मी ताईला सांगितलं तेव्हा ती खाली बसली आणि डोकं ओव्हरलॉकवर टेकवलं. काका आत आले, चपला काढल्या, म्हणाले, "रविवारी माप घ्यायची टेप घे बरोबर." बस्स. एवढंच. आत जाऊन पाणी प्यायले. ताई माझ्याकडे बघायला लागली, मी तिच्याकडे, आणि दोघी रडायला लागलो, आणि मावशी आतून ओरडली, "काय झालं आता नवीन?"

मी तिकीट रद्द केलं. आईला फोनवर कारण सांगितलं तर आईपण हादरली, आणि मग म्हणाली, "राहा राहा, बघून ये आणि मला सगळं सांग."

रविवारी ताई पुढच्या सीटवर. मावशी माझ्याबरोबर मागे, आयुष्यात पहिल्यांदा. मी प्लेअर जोडला आणि मैंदर्गीच्या वेशीवरच खुंटी उपटून हातात धरली. खुंटीवर माझा विश्वास उरलेला नाही. सोलापूर केंद्राची बाई परत बोलायला लागली.

कट्ट्यावर अज्जा, खिडकीत रेडिओ. ताई गाडीतून उतरली, त्यांच्या पाया पडली आणि म्हणाली, "मी तनुजा."

अज्जांनी मान वाकडी करून ऐकलं. "परत बोल."

"मी तनुजा. घर बघायला आलेय."

"तीच हाय," अज्जा सगळ्यांना म्हणाले.

ताई मागच्या खोलीत गेली. पोती हलवलेली होती, पाळणा नव्हता, भिंतीवर तीन नवे कोरे प्लग एका रांगेत. मल्लिनाथ दाराबाहेर उभा, जसं काही परीक्षेचा निकाल लागणार आहे. त्याचे वडील लांबून बघत होते, हाताची घडी घालून. ताईने पर्समधून टेप काढली, दार मापलं, खिडकीखालची भिंत मापली, परत दार मापलं. टेप सर्रकन आत गेली.

"मशीनं बसतेत," ती म्हणाली. मग पदर खोचून बाहेर कट्ट्यावर अज्जांच्या समोर बसली. "आता बाकीचं विचारते."

अज्जांनी हात लांब केला आणि रेडिओ बंद केला.